दरबार आणि दप्तर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी चार शब्द बोलून मग विषयाला हात घालावा, अशी येथील रीत आहे खरी. परंतु त्यांचे गुणवर्णन माझ्यापूर्वीच्या व्याख्यात्यांनी इतक्या अधिकाराने केले आहे की, त्यात भर घालण्याच्या फंदात न पडता, त्यांना आयुष्यभर सतावीत राहिलेल्या एका प्रश्नाचा विचार दोन दिवस आपणांसमोर मांडावा, हेच मला अधिक उचित वाटते. द्रव्य, विनय आणि आत्मसमर्पण या तिहींचा ख्रिस्ती जीवनात परस्परांशी संबंध कोणता, हा तो प्रश्न. त्यावर प्रवचने पुष्कळ झाली आहेत आणि बहुधा ती सगळी एकाच ठरलेल्या उतारावरून एकाच ठरलेल्या मुक्कामी पोहोचतात: पैसा वाईट नाही, पैशाचा लोभ वाईट. हे खोटे आहे असे कोण म्हणेल? पण ज्या वाक्याने सावकाराला आणि कुळाला एकाच वेळी समाधान वाटते, त्या वाक्याविषयी थोडा संशय बाळगावा, असे माझे मत आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. एक मनुष्य धावत येतो, गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवन मिळण्यासाठी काय करावे म्हणून विचारतो. सर्व आज्ञा आपण लहानपणापासून पाळल्या आहेत असे तो सांगतो, आणि हे त्याचे सांगणे ख्रिस्त खोटे ठरवीत नाही. उलट, ख्रिस्ताने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, अशी नोंद मार्काने मुद्दाम केली आहे. त्यानंतर, असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, अशी आज्ञा होते, तो म्लानमुख होऊन परत फिरतो, आणि त्याच्यापाशी मालमत्ता पुष्कळ होती हे कारण शेवटी एका वाक्यात येते. मत्तयाने त्याला तरुण केले, लूकने अधिकारी केले, आणि आपण तिघांचे वर्णन एकत्र करून त्याला ‘श्रीमंत तरुण अधिकारी’ या नावाने ओळखू लागलो. पुढे सुईच्या नाकातून जाणाऱ्या उंटाचा दृष्टान्त येतो. त्यावर यरुशलेमात ‘सुईचे नाक’ नावाचा एक लहान दरवाजा होता आणि पाठीवरचे ओझे उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाऊ शके, असे स्पष्टीकरण पुष्कळ पाळकांच्या तोंडून मी ऐकले आहे. त्या दरवाजाला कसलाही प्राचीन आधार नाही. तो फार पुढच्या काळातील भाष्यकारांनी बांधला, आणि तो कोणाच्या सोयीसाठी बांधला हे सांगण्याची गरज नाही.

या प्रसंगाचे दोन अर्थ प्राचीन काळापासून चालत आले आहेत. पहिला क्लेमेंटचा. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रिया हे भूमध्य समुद्रावरचे भरभराटीचे बंदर होते आणि तेथील मंडळीत धनिक व्यापारी येऊ लागले होते. या वचनाने ते भयभीत होत, म्हणून क्लेमेंटने तारण पावणारा श्रीमंत कोण, या प्रश्नावर एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला. त्याचे म्हणणे असे की, घरातील पैसा टाकून मनातील वासना तशीच ठेवणाऱ्याने काहीच टाकलेले नाही. शिवाय सगळ्यांनीच सर्वस्व सोडले तर भुकेल्यास अन्न आणि नग्नास वस्त्र देण्याची आज्ञा पाळायची कोणी आणि कशातून? युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र तो इतका बिनतोड आहे की, तो ऐकून परत फिरलेल्या त्या मनुष्याला परत फिरण्याचे कारणच उरले नसते.

दुसरा अर्थ अँटनीचा, आणि तो ग्रंथात नसून कृतीत आहे. सन 270 च्या सुमारास, आईबापांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, मिसर देशातील हा तरुण उपासनेला गेला असता नेमका हाच उतारा वाचला जात होता. तो बाहेर पडला आणि वडिलार्जित तीनशे अरूरा सुपीक जमीन त्याने गावकऱ्यांना देऊन टाकली, जंगम विकून पैसा गरिबांस वाटला, आणि धाकट्या बहिणीसाठी म्हणून थोडेसे राखून ठेवले. पुन्हा एकदा उपासनेस गेला तेव्हा उद्याची चिंता करू नका हे वचन कानी पडले. तेव्हा राखलेले तेही त्याने देऊन टाकले, बहिणीला कुमारिकांच्या एका समूहाच्या स्वाधीन केले आणि स्वतः अरण्याची वाट धरली. अथेनेशियसने लिहिलेल्या त्याच्या चरित्राने शेकडो वर्षे ख्रिस्ती जगाला वैराग्याचा कित्ता पुरविला. त्या चरित्रात पुढे अँटनीची सैतानाशी झालेली युद्धे सविस्तर आहेत. तिच्यासाठी राखलेले दिले गेले तेव्हा त्या बहिणीला काय वाटले, याबद्दल एक अक्षर नाही.

आज मला जे काही सांगायचे आहे ते या बहिणीपासून सुरू होते. मनुष्याला त्याग करता येतो तो स्वतःच्या वाट्याचा. दुसऱ्याच्या वाट्याचा जो होतो त्याला त्याग म्हणावे की आणखी काही, हे ठरविण्यापूर्वी मालमत्ता कोणाच्या नावे चढलेली आहे ते पाहिले पाहिजे. हा विचार मूळचा माझा नाही. आपल्या मातीत तो देहूस फार पूर्वी झालेला आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती आणि पिढीजात सावकारी होती. वैराग्य दृढ झाल्यावर येणे असलेली खते इंद्रायणीत बुडविण्याची वेळ आली, तेव्हा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हवाली केली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. भक्तीच्या भरात असलेला मनुष्य वाटणीपत्र विसरला नाही, ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगून पुढे जातात. मला ती चमत्कारांहून मोठी वाटते.

युरोपात हाच प्रश्न अधिक कज्जेदलालीने लढविला गेला. असिसीच्या फ्रान्सिसने 1206 साली बिशपासमोर अंगावरची वस्त्रे उतरवून बापाच्या पायाशी ठेवली, तेथे वाद संपला होता. पण त्याच्यामागे जो पंथ उभा राहिला त्याला राहायला घर, वाचायला ग्रंथ आणि खायला अन्न लागणारच. तेव्हा तोड अशी निघाली की, वहिवाट भिक्षूंची आणि मालकी पोपची: 1245 मध्ये पोप चौथा इनोसेंट याने तसे जाहीरच केले. आमच्याकडचा कोणताही कुळकर्णी ही नोंद पाहून गालातल्या गालात हसला असता. पुढे 1322 मध्ये पोप बाविसावा जॉन याने ही नावापुरती मालकी भिक्षूंच्या अंगावर परत टाकली आणि दुसऱ्याच वर्षी, ख्रिस्ताच्या व प्रेषितांच्या मालकीचे काहीच नव्हते असे हट्टाने म्हणणे हे पाखंड होय, असा निवाडा दिला. ज्यांनी सर्वस्व सोडले त्यांचा सर्वांत कडवट तंटा आपण किती सोडले आहे या मुद्द्यावर व्हावा, यात आश्चर्य नाही. द्रव्य सुटले तरी द्रव्य सोडल्याचे श्रेय सुटणे अवघड असते, आणि विनयाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथे उभा राहतो.

आता आपल्या घराकडे वळतो. नारायण वामन टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. 1893 मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचताना गिरिप्रवचनापाशी येऊन ते जे थांबले ते थांबलेच, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी त्यांनी काय सोडले याची याद मोठी होती: जात, सोयरेसंबंध, विद्वान ब्राह्मण म्हणून असलेला मान आणि, काही वर्षांपुरती का होईना, बायकोमुलाची सोबतही. पण टिळकांच्या आयुष्यातील अधिक अवघड त्याग हा नव्हे, असे मला वाटते. त्या दिवशी जे गेले ते समाजाने हिरावून घेतले. देणाऱ्याला त्यात फारसा विचार करावा लागला नाही. अवघड त्याग पुढे बावीस वर्षांनी झाला, आणि त्याची वस्तू राज्य, इनाम किंवा वाडा यांपैकी कोणतीच नसून दरमहाचा पगार ही होती.

अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत टिळक नगरास होते. धर्मशिक्षक होते, पाळक होते, 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. मिशनच्या नोकरीत कोणी गब्बर होत नसे. पण त्या पगाराला एक वेगळाच डाग होता. भाकरीसाठी बाटले, हे उद्गार देशी ख्रिस्ती माणसाला रस्त्यात, कचेरीत आणि सोयऱ्यांच्या ओटीवर ऐकावे लागत. आणि ते ऐकून संताप आला तरी पहिल्या तारखेला परदेशातून आलेल्या पैशातूनच आपली चूल पेटते, हे त्याला नाकारता येत नसे. मिशनरी मायबाप, देशी मंडळी लेकरे, ही जी घडी बसली होती तिच्याविरुद्ध टिळकांनी लेखणीही चालविली आणि जीभही. तथापि ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच वहीवर सही करून पगार घ्यायचा, ही विसंगती त्यांना सोसवेना. 1917 साली त्यांनी पगार सोडला, साताऱ्यास बिऱ्हाड नेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे कोणी ख्रिस्ताला गुरू मानतील त्या सर्वांना त्यात बसण्याचा अधिकार होता. भजन, कीर्तन, अभंग ही त्याची वाणी होती. आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे जो मनुष्य उघडपणे सांगे, त्याला आपली खते कोणत्या नदीत सोडायची हे शोधावे लागले नाही.

पन्नाशी उलटलेल्या, प्रकृती ढासळू लागलेल्या माणसाने पगार सोडणे म्हणजे काय, हे नोकरीपेशातील श्रोत्यांस समजावून सांगण्याचे कारण नाही. संन्याशाच्या सर्वस्वत्यागाला लोक हार घालतात. पगाराचा राजीनामा देणाऱ्याला शेजारीपाजारी वेडा ठरवितात. आत्मसमर्पणाची कसोटी लागते ती अशा बिनहाराच्या जागी. टिळकांचा हा राजीनामा मी मराठी ख्रिस्ती इतिहासातील फार थोर गोष्टींत गणतो.

परंतु ज्या घरातून तो राजीनामा गेला त्या घरात लक्ष्मीबाई होत्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण बाईंनी ती तशी लिहिली आहेत. पण हसू ओसरले की ध्यानात येते की, या ग्रंथाच्या पानापानांतून एका बाईने नवऱ्याच्या औदार्याचा खर्च मांडून ठेवला आहे. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की खिसा रिकामा होई, आणि संध्याकाळी पानावर बसणाऱ्यांत घरच्यांबरोबर विद्यार्थी, अनाथ मुले, अचानक टपकलेले पाहुणे असत. डब्यात पीठ किती आहे हे टिळकांना ठाऊक नसे, लक्ष्मीबाईंना ठाऊक असे. देणाऱ्याच्या हाताला पुण्य आणि रांधणारीच्या हाताला चटका, अशी ही वाटणी होती. एवढे असून लक्ष्मीबाईंनी तक्रारीचा सूर कोठे धरला नाही, त्या रागावल्या, भांडल्या, रुसल्या आणि आणखी एक पोरके मूल घरात घेतले. चिंचेच्या कोळासारख्या आंबट-तिखट विनोदाने त्या जे सांगतात ते असे की, टिळकांनी देवाला जे वाहिले त्यात निम्मा वाटा आपला होता आणि तो आपणांस न विचारता वाहिला गेला. तरी पुढे आपण तो आपण होऊन वाहिला. अँटनीच्या बहिणीला जे बोलता आले नाही ते मराठीत नाशिककडच्या एका बाईने बोलून दाखविले, हा आपल्या भाषेचा मान समजला पाहिजे. टिळकांच्या निधनानंतर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरे केले. लहानपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईने महाकवीची बाकी फेडावी, यासारखा हिशेब मला दुसरा माहीत नाही.

येथवर मी ज्यांच्याविषयी बोललो त्यांच्यापाशी सोडण्यासारखे काहीतरी होते. हे विसरून चालणार नाही. नगर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळीत बहुसंख्य माणसे महार आणि मांग वस्त्यांतून आली. 1876–77 चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरचा दुष्काळ यांचे तडाखे खाऊन आलेली. वैराग्याचे प्रवचन त्यांच्यापुढे करणाऱ्याने जरा जपून बोलावे. ज्याच्या नावावर सात पिढ्यांत खापराचा तुकडा चढला नाही त्याने काय विकून गरिबांस द्यावे? गरीब म्हणजे तोच. आणि विनयाचे म्हणाल तर गावच्या चावडीपुढे उभे राहून ‘जोहार मायबाप’ करणाऱ्या, वसुलाची रक्कम डोक्यावर घेऊन मैलोगणती कचेरी गाठणाऱ्या, मेलेले ढोर ओढणाऱ्या आणि त्याबदल्यात हाडोळ्याच्या तुकड्यावर व शिळ्यापाक्या भाकरीवर राबणाऱ्या वतनदार महाराला कोणी लीनता शिकवावी? त्याच्या पाठीला वाकण्याची सवय लागली होती. ती सद्गुण नव्हती. डॉक्टर आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचविली, तेव्हा ही सवय मोडण्याचाच तो उद्योग होता. ख्रिस्ती उपदेशकांनी मात्र कित्येकदा या दोन वस्तूंची गल्लत केली आणि सक्तीने वाकलेल्या माणसाला त्याच्या वाकण्याबद्दल स्वर्गाचे आश्वासन दिले. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल ख्रिस्ताच्या लीनतेचे जे वर्णन करतो त्यात, जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले, असा क्रम आहे. आधी उंची, मग उतरणे. ज्याला कधी ताठ उभेच राहू दिले नाही त्याच्या बाबतीत शुभवर्तमानाची पहिली आज्ञा ऊठ ही असली पाहिजे. आणि ख्रिस्ताने पक्षघाती माणसाला ती तशीच केली.

तथापि याच वस्त्यांत मी दानाचा जो प्रकार पाहिला तसा श्रीमंत मंडळीत पाहिला नाही. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या देवळांत कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकले ते तो घेऊन येतो: बाजरीचे कणीस, ज्वारीच्या पेंढ्या, शेंगा, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना आटोपली की त्या वस्तूंचा लिलाव होतो, आणि शहरात नोकरीला असलेले, सणासाठी गावी आलेले गृहस्थ एकमेकांवर चढ करीत एका अंड्याची किंमत पन्नास रुपयांवर नेऊन ठेवतात. आकडा वाढला की टाळ्या पडतात, नाव पुकारले जाते, पंच ते वहीत टिपतात. ते अंडे आणणाऱ्या म्हातारीचे नाव वहीत नसते. तिने ते पदरात झाकून आणले आणि वेदीच्या पायरीवर ठेवून ती मागे बायकांत जाऊन बसली. मंदिराच्या भांडारासमोर बसून ख्रिस्त लोकांचे दान पाहत होता, त्याने विधवेच्या दोन दमड्यांची किंमत सर्वांहून अधिक ठरविली, ही गोष्ट त्याच देवळात त्याच पाळकाने कितीतरी वेळा सांगितलेली असते. मी लिलावाची टिंगल करीत नाही. त्या पैशावर देवळाची कौले शाकारली जातात. परंतु नाव पुकारल्याशिवाय ज्याचा हात खिशाकडे जात नाही, त्याने आपले दान देवाच्या खाती लिहिले की स्वतःच्या, हा प्रश्न त्याने घरी जाऊन स्वतःस विचारावा.

स्वतःच्या नावाचा हा प्रश्न पंडिता रमाबाईंना बालपणीच भेटला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम मांडला, अतिथींच्या सत्कारात कर्ज झाले, आणि मग पुराणे सांगत सारे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडू लागले. जे मिळे ते पुण्यप्राप्तीसाठी ब्राह्मणभोजनांत आणि दानांत जाई. पैसा संपला तेव्हा मद्रास इलाख्यात दुष्काळ होता. मजुरी करणे किंवा भीक मागणे कुळाच्या अभिमानाला रुचण्यासारखे नव्हते; रानात शिरून पाला आणि पाणी यांवर त्यांनी दिवस काढले. 1874 साली शास्त्रीबुवा गेले. पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी चालली. उत्तरेत झेलमच्या काठी थंडीपासून बचावण्यासाठी वाळूत थडग्याएवढे खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. रमाबाईंनी हे पुढे लिहून ठेवले ते सहानुभूतीसाठी नव्हे. सर्वस्व गेले होते तरी गर्व गेला नव्हता, ही गोष्ट त्या स्वतःच्या घराविषयी निर्दयपणे नमूद करतात. अकिंचन होणे आणि विनम्र होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान त्यांना धर्मशास्त्रातून मिळाले नाही. ते त्यांनी तीन प्रेतांच्या मोलाने घेतले.

पुढे त्यांच्या हाती पैसा आला, आणि तो त्यांचा नव्हता. अमेरिकेत त्यांनी केलेल्या व्याख्यानांमुळे 1887 च्या अखेरीस बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. बालविधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे त्याने पत्करले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. असोसिएशनचे वार्षिक अहवाल छापले जात, त्यांत खजिनदाराचा जमाखर्च असे. टिळकांना जे दप्तर कधी जमले नाही ते रमाबाईंना नित्य पुढ्यात घेऊन बसावे लागले, आणि माझ्या मते समर्पणाचा हा मार्ग अधिक कठीण आहे. आपला पैसा देऊन टाकणाऱ्याला एकदाच धैर्य करावे लागते. दुसऱ्याचा पैसा ज्याच्या हातून वाहतो त्याला तो वाहू द्यायचा असतो, त्यातील थेंब आपल्या ओंजळीत राहू द्यायचा नसतो, आणि तो आपल्याच कर्तृत्वाने आला असे क्षणभरही वाटू द्यायचे नसते. हे धैर्य रोज सकाळी वही उघडताना नव्याने करावे लागते.

दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, या काळजीने बाईंनी पुण्याच्या पूर्वेस, सोलापूरच्या लोहमार्गावर, केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. हेतू अगदी व्यवहारी होता: संत्री, लिंबे, आंबे यांची बाग लावावी, फळांच्या उत्पन्नावर सदन चालावे, कोणापुढे हात पसरण्याची पाळी येऊ नये. योजनेत वैगुण्य काढायला जागा नव्हती. पण 1896 मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला, बाईंना झेलमची वाळू आठवली, आणि कोणाची मंजुरी न घेता, तिजोरीत काय आहे हे न पाहता, त्या निघाल्या व तीनशेच्या आसपास मुली आणि विधवा घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा अंमल. मुलींना केडगावी हलविणे भाग पडले. ज्या जमिनीवर निर्धास्तपणाची बाग फुलायची तेथे झोपड्या पडल्या, आणि त्यांतून मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या पोटांना घालताना आश्रयदात्यांकडे याचना न करता प्रार्थना करावी, असा त्यांचा परिपाठ होता. पण प्रार्थना करून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, घाणे आणि माग चालविले, गाईम्हशी राखल्या, छापखाना काढला. आणि ज्या बापाने मजुरीपेक्षा उपास पत्करला होता त्याच्या मुलीच्या संस्थेत हाताने काम न करणाऱ्या माणसाला जागा नव्हती. आपल्या अनुभवावर 1907 साली लिहिलेल्या इंग्रजी पुस्तिकेच्या नावात त्यांनी ‘अक्षय निधी’ अशा अर्थाचे शब्द घातले, तेव्हा त्या निधीची रोजकीर्द कशी ठेवावी लागते हे त्यांना पुरते माहीत होते.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतरात घातली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, पंडिती मराठी बाजूला ठेवून, अडाणी बायकांना कळेल अशा भाषेत त्यांनी ते केले आणि केडगावच्या छापखान्यात मुलींनी त्याचे खिळे जुळविले. ज्यांच्या विद्वत्तेवर कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी बहाल केली होती त्यांनी आपले संस्कृत अशा प्रकारे खर्चून टाकले. द्रव्यापेक्षा ही मालमत्ता सोडणे विद्वानांना जड जाते, हे येथे बसलेल्या प्राध्यापकवर्गाने रागावू नये म्हणून हळूच सांगतो. मुद्रिते तपासण्याचे काम आटोपले आणि 5 एप्रिल 1922 रोजी बाईंचे देहावसान झाले.

आता, साताऱ्याचा दरबार टिळकांच्या मागे टिकला नाही आणि केडगावचे सदन चालू आहे, म्हणून टिळक स्वप्नाळू आणि रमाबाई व्यवहारदक्ष, असा निकाल देण्याची घाई समीक्षक करतात. मला तो मान्य नाही. टिळकांना दरबारासाठी वर्षे दोनच मिळाली. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला, आणि रक्षा नगरास आणून ठेवली. दोन वर्षांच्या दरबाराला टिकाऊपणाचे माप लावणे गैर आहे. दुसरे असे की, दरबाराचा आशय टिळकांच्या अभंगांतून मंडळ्यांमध्ये आजही गायिला जातो, आणि तो गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्या दरबाराचे नावही ठाऊक नसते. रमाबाईंचे दप्तर नसते तर मुक्तिसदन राहिले नसते, हे खरे. पण ज्या दिवशी त्या मध्यप्रांताची गाडी पकडून निघाल्या त्या दिवशी त्यांनी दप्तर मिटलेच होते. मात्र परत आल्यावर त्यांनी ते पुन्हा उघडले आणि तीनशे नावे त्यात एकेक करून लिहून घेतली. अँटनीच्या चरित्रात ज्या बहिणीचे नावही आले नाही तिच्यासारख्या मुलींची ती नावे होती.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा विचार आज करता आला नाही. काशीचा हा पंडित 1848 मध्ये ख्रिस्ती झाला, फकिराप्रमाणे राहिला, संन्यस्त बंधूंच्या मंडळात उमेदवार म्हणून दाखल झाला, आणि तरीही अखेरचे व्रत त्याने घेतले नाही, कारण आपल्या शंकांचा त्याग करणे त्याला जमेना. जे सोडता येत नाही त्याचेही समर्पण होते काय, हा प्रश्न त्याच्या चरित्रात जसा उभा राहतो तसा टिळक आणि रमाबाई यांच्या चरित्रांत राहत नाही. त्याला स्वतंत्र वेळ दिला पाहिजे. उद्या याच वेळी तेथूनच सुरुवात करीन.